रूळ उखडले, वाट उरली

एखाद्या गावाची पेठ कशाने बसते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही. हमरस्ता गावाबाहेरून वळवला जातो, गिरणी बंद पडते, रेल्वेस्थानकावर गाडी थांबेनाशी होते. मग एकेका दुकानाच्या फळ्या लागतात त्या पुन्हा निघत नाहीत. मुले शिकून शहरात जातात, वडीलधारी मंडळी वखारीच्या ओट्यावर बसून जुन्या उलाढालीच्या गोष्टी सांगत राहतात. बसलेल्या पेठेची उदाहरणे पुष्कळ आहेत. बसलेली पेठ पुन्हा उभी राहिली, आणि तीही कारखान्यामुळे किंवा धरणामुळे नव्हे, केवळ सायकलस्वारांमुळे, असे उदाहरण मात्र विरळा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील सेंट्रल ओटागो या डोंगराळ प्रदेशात ते घडले. तेथे लोहमार्ग बंद झाला आणि त्याच्याच भरावावर 152 किलोमीटरची, मोटारींना पूर्णतः मज्जाव असलेली सायकलवाट तयार झाली. ‘ओटागो सेंट्रल रेल ट्रेल’ या नावाने ती ओळखली जाते. तिची हकिकत प्रवासवर्णन म्हणून रंजक आहेच. परंतु ग्राहक, गाव आणि चिकाटी यांचा परस्परसंबंध समजून घेऊ इच्छिणाऱ्यांनी ती अधिक लक्षपूर्वक वाचावी.

डोंगरांच्या आडोशाचा प्रदेश

दक्षिण बेटाच्या पश्चिम बाजूने सदर्न आल्प्स ही हिमाच्छादित पर्वतरांग उभी आहे. पश्चिमेकडून येणारे सजल वारे तिच्यावर आदळून तेथेच रिते होतात, आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे पडतात. सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो कोसळणारा पाऊस फलटण किंवा माणदेशाकडे पोहोचेपर्यंत कसा आटतो, हे महाराष्ट्रातील वाचकांना परिचितच आहे. सेंट्रल ओटागोही असाच पर्जन्यछायेचा प्रदेश. तेथील अलेक्झांड्रा या गावी वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. उन्हाळ्यात डोंगर पिवळे पडतात, आणि हिवाळ्यात थंडी अशी की न्यूझीलंडमधील आजवरचे नीचांकी तापमान, उणे 25.6 अंश सेल्सिअस, याच वाटेवरील रॅनफर्ली येथे 17 जुलै 1903 रोजी नोंदले गेले.

भूमी खडकाळ आहे. पानापानांच्या थरांसारखा शिस्ट नावाचा दगड जागोजागी उभ्या सुळक्यांच्या रूपाने वर आलेला दिसतो. एका रांगेचे नावच ‘रॅगेडी रेंज’, म्हणजे फाटक्यातुटक्या कडांची रांग, असे पडले आहे. अशा प्रदेशात माणसे मोठ्या संख्येने आली ती सोन्यासाठी. 1861 मध्ये ओटागोत सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी क्लुथा नदीच्या खोऱ्यात, आजच्या क्लाइड गावाच्या परिसरात, खाणकऱ्यांची झुंबड उडाली. सोने सरले तशी झुंबडही ओसरली. मागे राहिले मेंढपाळ, शेतकरी, जर्दाळू आणि चेरीच्या बागा लावणारे बागायतदार, आणि या सर्वांना मीठ-साखरेपासून खिळ्यांपर्यंत सारे पुरवणारे किराणा दुकानदार.

लोहमार्ग आला आणि गेला

या लोकांचा माल डनेडिनच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी 1879 मध्ये लोहमार्गाचे काम सुरू झाले. काम अतिशय संथ चालले. घळी, नद्या आणि कातळ यांतून पहारी, कुदळी आणि सुरुंगाच्या दारूने वाट काढावी लागत होती. शिवाय सरकारी निधी कधी मिळे, कधी आटे. मिडलमार्चला गाडी पोहोचली ती 1891 मध्ये, रॅनफर्लीला 1898 मध्ये आणि क्लाइडला 1907 मध्ये. म्हणजे क्लाइडच्या व्यापाऱ्याने तरुणपणी गाडीची वाट पाहण्यास आरंभ केला असेल, तर प्रत्यक्ष गाडी आली तेव्हा त्याचे केस पांढरे झाले असतील. 1921 मध्ये मार्ग क्रॉमवेलपर्यंत पोहोचला आणि विंगाटुईपासूनची त्याची एकूण लांबी 235 किलोमीटर झाली.

गाडी आल्याने प्रदेशाचे जीवन बदलले. लोकर, मेंढ्या आणि फळे खाली बंदराकडे जाऊ लागली. कोळसा, खत, यंत्रे आणि वर्तमानपत्रे वर येऊ लागली. प्रत्येक स्थानकाभोवती मालाची गोदामे, टपाल कार्यालय, खाणावळ आणि दुकान अशी छोटी वस्ती आकारास आली. या मार्गाच्या वाट्याला दुःखाचा प्रसंगही आला. 4 जून 1943 रोजी हाइड गावाजवळ वळणावर भरधाव प्रवासी गाडी रुळांवरून घसरली आणि 21 जणांना प्राण गमवावे लागले. त्यांचे स्मारक आजही त्या परिसरात आहे आणि वाटसरू तेथे क्षणभर थांबतात.

या रेल्वेला बराच काळ कायद्याचे कवच होते. रेल्वे उपलब्ध असेल तेथे ठरावीक अंतरापलीकडे मालमोटारीने माल नेण्यास मनाई होती. ही मर्यादा शेवटी 150 किलोमीटर होती. 1980 च्या दशकात ती हटवण्यात आली आणि माल झपाट्याने रस्त्यावर गेला. त्याच दशकात 1984 नंतर सरकारने शेतीची अनुदाने काढून घेतली. मेंढपाळांच्या हाती पैसा उरेना, तेव्हा दुकानदाराची उधारी थकली; उधारी थकली तेव्हा दुकान डळमळले. प्रवासी गाडी तर 1976 मध्येच बंद झालेली होती. क्रॉमवेलच्या घळीत धरणाचे पाणी येणार म्हणून क्लाइडच्या पुढील तुकडा 1980 मध्ये बंद झाला. क्लाइडच्या धरणाला लागणारे साहित्य वाहून नेण्यापुरता उरलेला मार्ग काही वर्षे जिवंत राहिला. ते काम आटोपत आले आणि 30 एप्रिल 1990 रोजी मिडलमार्च ते क्लाइड हा मार्ग बंद झाला. रूळ उखडून विकण्यात आले.

मिडलमार्चहून डनेडिनकडे जाणारा टायरी घळीतील भाग तेथील नगरपालिकेने पर्यटकांच्या गाडीसाठी विकत घेतला. पलीकडच्या गावांच्या वाट्याला मात्र केवळ दगडी खडीचा पट्टा आला.

खडीचा पट्टा कोणाच्या कामाचा?

या पट्ट्याचे करायचे काय, हा प्रश्न होता. लगतच्या अनेक शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ होते : जमीन आमच्या शेतांमधून जाते, ती आम्हाला द्यावी. परके लोक सायकलींवरून येतील, फाटके उघडी टाकतील, मेंढ्या बिथरतील, एखाद्याच्या निष्काळजीपणाने वाळल्या गवताला आग लागेल, ही भीती निराधार म्हणता येणार नव्हती. शिवाय उन्हाळ्यात होरपळवणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठवणाऱ्या या माळावर स्वखर्चाने सायकल दामटायला कोण येणार, असा व्यवहारी सवालही होताच.

1993 मध्ये देशाच्या संवर्धन खात्याने हा सलग पट्टा ताब्यात घेतला. ‘सलग’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पट्ट्याचे तुकडे करून ते शेजारच्या शेतांत मिसळू दिले असते, तर दीडशे किलोमीटरची एकसंध वाट पुन्हा मिळवणे कोणत्याही सरकारला परवडले नसते. वडिलोपार्जित वास्तूची वाटणी करताना मधला जिना कोणाच्या वाट्याला द्यायचा, हा पेच ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातील मर्म कळेल. काही गोष्टींचे मोल त्या अखंड असण्यातच असते.

1994 मध्ये स्थानिक लोकांनी या वाटेसाठी न्यास स्थापन केला. काम थोडके नव्हते. रुळांखालची जाड खडी सायकलच्या चाकांना सोसवणारी नव्हती; ती हलवून बारीक मुरूम दाबून बसवावा लागला. साठाहून अधिक पूल होते; त्यांवर रूळ निघून गेल्यानंतर केवळ आडवी लाकडे आणि त्यांमधील पोकळीतून दिसणारी खोल नदी एवढेच उरले होते. त्यांवर फळ्या ठोकून कठडे बसवले गेले. खात्याने आपला वाटा उचलला आणि न्यासाने देणग्या गोळा केल्या. तुकड्या-तुकड्यांनी काम पुरे होत गेले आणि फेब्रुवारी 2000 मध्ये संपूर्ण वाट लोकांसाठी खुली झाली. रूळ गेल्यापासून ती खुली होईपर्यंत सुमारे दहा वर्षे लोटली होती. या दहा वर्षांत टिकून राहिलेल्यांनाच पुढील फळ मिळाले.

वाट कशी आहे

डोंगराळ प्रदेश म्हटला की सायकलस्वाराच्या मनात प्रथम चढाची धास्ती येते. येथे ती बहुतांशी अनाठायी ठरते, आणि त्याचे श्रेय वाफेच्या इंजिनाला जाते. मालाने भरलेले डबे ओढणाऱ्या इंजिनाला तीव्र चढ चढता येत नसे. म्हणून अभियंत्यांनी डोंगराला वळसे घालत, घळीवर पूल टाकत आणि कातळातून बोगदे काढत मार्ग असा आखला, की पन्नास मीटर अंतरात एक मीटरपेक्षा अधिक चढ येऊ नये. इंजिनाच्या सोयीसाठी शंभर वर्षांपूर्वी केलेली ही योजना आज साठी उलटलेल्या आजींच्या आणि दहा वर्षांच्या नातवाच्या गुडघ्यांना उपयोगी पडते. तिघा पिढ्यांनी एकत्र करावा असा हा प्रवास आहे, तो यामुळेच.

बहुतेक प्रवासी क्लाइडहून निघतात आणि तीन ते पाच दिवसांत मिडलमार्च गाठतात. क्लाइडहून अलेक्झांड्रा आठ किलोमीटर. तेथून वाट मनुहेरिकिया नदीच्या खोऱ्याने वर सरकते. डोंगरउतारावर रानटी थाइम या सुगंधी वनस्पतीची झुडपे पसरलेली असतात. ओव्याशी नाते सांगणारा त्यांचा वास उन्हात दरवळतो. चॅटो क्रीक येथे एक चिमुकले जुने टपाल कार्यालय जतन करून ठेवले आहे. त्यापुढे टायगर हिलचा वळसा. डोंगर समोर दिसत असतो, पण वाट त्याच्या अंगावर न जाता त्याच्या भोवती फिरत, नकळत उंची गाठते. ओमाकाऊ आणि लॉडर ही गावे मागे पडली, की या प्रवासातील सर्वांत देखणा भाग येतो.

पूलबर्न घळीत वाट रॅगेडी रेंजच्या कातळात शिरते. प्रथम मनुहेरिकियावरील शंभर मीटरहून लांब पूल, मग प्रत्येकी दोनशे मीटरहून लांब असे दोन बोगदे, आणि त्यांच्या लगत पूलबर्नचा उंच पूल. नदीच्या पात्रापासून 37 मीटर उंचीवरून तो घळ ओलांडतो. त्याचे खांब तेथल्याच शिस्ट दगडाचे, हातांनी घडवलेले आहेत. बोगद्यांत दिवे नाहीत. आत शिरताच उजेड मावळतो, गारवा अंगावर येतो आणि विजेरीच्या झोतात दगडांवरील छिन्नीच्या खुणा दिसू लागतात. मोटारींचा आवाज नसल्यामुळे सायकलच्या साखळीची कुरकुर तेवढी भिंतींवर आदळून परत येते. ज्यांनी हा बोगदा खोदला त्यांची नावे बहुधा कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या हातांचे काम मात्र अद्याप टिकून आहे.

घळीतून बाहेर पडल्यावर आयडा खोरे उघडते. ओटुरेहुआच्या पुढे वाटेचा सर्वोच्च बिंदू आहे, समुद्रसपाटीपासून 618 मीटर. याच परिसरात वाट 45 अंश दक्षिण अक्षांश ओलांडते. विषुववृत्त आणि दक्षिण ध्रुव यांच्या मधोमध आपण उभे आहोत, ही कल्पना मुलांना विशेष आवडते. वेडरबर्नला हिरव्या रंगाचे मालगोदाम दिसते. रेल्वे बंद झाल्यावर ते दूर नेण्यात आले होते; गावकऱ्यांनी ते पुन्हा आणून मूळ जागी उभे केले. एरवी पत्र्याच्या गोदामासाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता. पण जे गोदाम गावाने शंभर वर्षे डोळ्यांसमोर पाहिले, त्याची रिकामी जागा गावाला सहन झाली नाही.

रॅनफर्ली हे वाटेवरील मोठे गाव. 1930 च्या दशकात आगींमुळे तेथील बाजारपेठेची हानी झाली, आणि नव्या इमारती त्या काळच्या ‘आर्ट डेको’ शैलीत बांधल्या गेल्या. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारतींशी परिचित असलेल्यांना त्या गोलसर कोपऱ्यांची आणि सरळ रेषांची ओळख चटकन पटेल. सूर्यमालेची प्रतिकृतीही या गावातूनच सुरू होते. एकास दहा कोटी या प्रमाणात मांडलेल्या या प्रतिकृतीत सूर्य रॅनफर्लीला आहे आणि पृथ्वी त्यापासून दीड किलोमीटरवर. प्लूटो गाठायचा तर साठ किलोमीटरच्या जवळपास सायकल चालवावी लागते. अवकाशातील अंतरे किती अफाट आहेत, हे पुस्तकापेक्षा पायांना अधिक चांगले समजते.

त्यापुढे वायपियाटा, कोकोंगा, प्रायसेस क्रीकचा बोगदा आणि हाइड. शेवटच्या टप्प्यात ‘रॉक अँड पिलर’ रांग एका बाजूस सोबत करते आणि मिडलमार्चला वाट संपते. या मिडलमार्चची एक गमतीदार ख्याती आहे. शेतावर राहणाऱ्या तरुणांना मुली भेटणे दुरापास्त झाले, तेव्हा गावाने अविवाहितांचा नृत्यमेळावा भरवण्यास आरंभ केला आणि डनेडिनहून त्यासाठी खास आगगाडी येऊ लागली. उपवर मुलांची चिंता करणारी आईवडील मंडळी पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र सारखीच, एवढाच त्याचा अर्थ.

सायकलवरील विक्रेती

ओटुरेहुआला सायकलस्वारांनी निदान दोन तास द्यावेत. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेले गिलख्रिस्ट यांचे किराणा दुकान आहे. जुन्या लाकडी फळ्यांवर जुन्या काळच्या डब्यांची आणि पाकिटांची आरास अजून आहे, आणि शेजारीच आजचा पाव आणि आजचे दूध विक्रीला असते.

जवळच हेज यांचा कारखाना आहे. अर्नेस्ट हेज हे इंग्लंडहून आलेले कारागीर. 1895 मध्ये त्यांनी शेतावरच अवजारे घडवण्यास प्रारंभ केला. त्या काळी वसाहतकाऱ्यांनी आणलेल्या सशांनी कुरणे फस्त केली होती, आणि हेज यांचे पहिले अवजार सशांसाठीच्या विषारी आमिषाचे तुकडे पाडण्याचे होते. अहिंसा जपणाऱ्या घरांना हे रुचणार नाही. तरी इतिहास आहे तसा सांगितला पाहिजे. पुढे याच कारखान्याचे नाव दूरवर पसरले ते कुंपणाची तार ताणण्याच्या साध्या, टिकाऊ अवजारामुळे. कारखाना प्रथम हातबळावर, नंतर पवनचक्कीवर आणि मग पाण्याच्या चक्रावर चालला.

अवजारे घडवणारा पती कुशल होता. ती विकणार कोण? हे काम त्यांच्या पत्नीने, हाना हेज यांनी, अंगावर घेतले. त्या सायकलवर बसून मैलोन्‌मैल दूरच्या मेंढपाळांच्या ठाण्यांवर जात, अवजार दाखवीत आणि मागण्या नोंदवून परत येत. रस्ते कच्चे, नद्यांवर पूल थोडे, पोशाख पायघोळ झग्याचा, आणि मागे घरी मुलेबाळे. आज विक्री-प्रतिनिधी ज्याला म्हणतात, ते काम या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलवरून केले. पेढीचा कणा गल्ल्यावर बसलेल्या पुरुषाइतकाच घरातील स्त्री असते, हे व्यापारी कुटुंबांना ठाऊक असते; फक्त ते वहीत लिहिले जात नाही. हेज यांच्या कारखान्यात ते लिहिले गेले आहे. 1975 मध्ये देशाच्या वारसा संस्थेने हा कारखाना विकत घेऊन जतन केला, आणि आज वाटेवरील सायकलस्वार तेथे थांबून ही कथा ऐकतात. सायकलने ज्या पेढीला पहिले ग्राहक मिळवून दिले, त्या पेढीच्या दारात आता ग्राहकच सायकलवरून येतात.

मंद चालणाऱ्या ग्राहकाचा हिशेब

या वाटेने गावांना नेमके काय दिले, हे समजण्यासाठी मोटारीचा आणि सायकलचा प्रवासी शेजारी-शेजारी ठेवून पाहावा. मोटारीचा प्रवासी हा सारा प्रदेश दोन-अडीच तासांत ओलांडतो. त्याची टाकी शहरात भरलेली असते, शिदोरी गाडीत असते, मुक्काम पुढच्या शहरात ठरलेला असतो. गावाच्या वाट्याला त्याची धूळ तेवढी येते. सायकलस्वार ताशी दहा-बारा किलोमीटर जातो. दर पंधरा-वीस किलोमीटरांवर त्याला भूक लागते, तहान लागते, सावली हवी असते. तो जड सामान वाहू शकत नाही, म्हणून तेथल्या तेथे विकत घेतो. त्याला तीन-चार रात्री अंथरूण लागते, स्नानाला गरम पाणी लागते, चाकाची हवा गेली तर दुरुस्ती लागते, आणि सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी गाडी लागते.

आणि गावे होती तरी कशी? घोडागाडीने माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला दिवसभरात घरी परतता यावे, अशा बेताने स्थानके वसलेली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी घोड्याच्या दमसासावर मोजलेले अंतर आज सायकलस्वाराच्या भुकेशी तंतोतंत जुळले. नवे गाव वसवावे लागले नाही, नवी पेठ बांधावी लागली नाही. जुनी शाळा, रिकामे टपाल कार्यालय, शेतावरील मजुरांच्या खोल्या यांची डागडुजी होऊन त्या निवासासाठी खुल्या झाल्या. ज्या शेतकऱ्याने वाटेला विरोध केला असेल, त्याच्याच सुनेने पाच खोल्यांचे निवास चालवावे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आली. मेंढीच्या आणि लोकरीच्या बाजारभावावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या घराला दुसरे उत्पन्न मिळाले.

वाटेवर प्रवेशशुल्क नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नाक्यावर पैसे घेऊन प्रवासी अडवण्याऐवजी त्याला मोकळेपणाने आत येऊ द्यावे आणि त्याच्या गरजा गावाने पुरवाव्यात, हा येथील मार्ग. न्यास एक पुस्तिका विकतो. स्थानकांवर ठेवलेले शिक्के तिच्यावर उमटवत प्रवासी पुढे जातात. मुलांचा तो खेळ होतो आणि न्यासाला वाटेच्या देखभालीस हातभार लागतो.

या यशाकडे देशाचे लक्ष गेले. 2009 च्या फेब्रुवारीत, जागतिक मंदीच्या काळात, पंतप्रधान जॉन की यांनी रोजगारविषयक परिषद बोलावली. तीतून देशभर सायकलवाटांचे जाळे विणण्याची कल्पना पुढे आली आणि सरकारने त्यासाठी पाच कोटी न्यूझीलंड डॉलर मंजूर केले. आज त्या जाळ्यात वीसहून अधिक प्रमुख वाटा आहेत. क्लाइडहून क्रॉमवेलकडे जाणारी, जलाशयाच्या काठाने कड्याला खिळवलेल्या पुलांवरून नेलेली वाट 2021 मध्ये खुली झाली. ज्या घळीतील लोहमार्ग धरणाच्या पाण्यासाठी सोडून द्यावा लागला होता, तेथे चाळीस वर्षांनी पुन्हा चाके फिरू लागली.

अर्थात ताळेबंदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिवाळ्यात धंदा जवळजवळ थांबतो आणि वर्षाची कमाई सहा-सात महिन्यांत करावी लागते. निवास आणि खाणावळीतील नोकऱ्या हंगामी असतात. त्यांच्या भरवशावर प्रत्येक तरुण गावात राहतोच असे नाही. नव्या वाटा झाल्या तसे ग्राहकही विभागले. मार्च 2020 मध्ये साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा परदेशी पाहुण्यांवर विसंबलेली पर्यटनस्थळे ओस पडली. या वाटेवरील बहुसंख्य प्रवासी मात्र स्वदेशीच असल्याने तिला तो धक्का तुलनेने कमी बसला. घरचा ग्राहक हाच अडचणीतला ग्राहक, हे तत्त्व येथेही खरे ठरले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. ऑक्टोबर ते एप्रिल हा योग्य काळ. त्यातही मार्च-एप्रिलमध्ये झाडांची पाने सोनेरी होतात आणि वारा तुलनेने शांत असतो. क्लाइड क्वीन्सटाउनच्या विमानतळापासून, आणि मिडलमार्च डनेडिन शहरापासून, प्रत्येकी सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. सायकल भाड्याने मिळते, विजेवर चालणारीही मिळते; सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवण्याची सोय असते. शिरस्त्राण घालणे कायद्याने बंधनकारक आहे. बोगद्यांसाठी विजेरी, दोन मुक्कामांच्या मधल्या अंतरासाठी पाणी आणि प्रखर उन्हासाठी लेप व टोपी अवश्य हवी. फाटक जसे आढळले तसेच ठेवावे : बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. शेतकऱ्यांचा विश्वास याच एका नियमावर टिकून आहे.

आहाराचा विचार आधी करावा. गावांतील खाणावळींत मांसाहाराचे प्राबल्य आहे. शाकाहारी पदार्थ मिळतात. परंतु कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेले निवास आधीच ठरवावे आणि अलेक्झांड्रा व रॅनफर्ली येथील दुकानांतून शिधा भरून घ्यावा. घरून खाखरे किंवा कोरडा खाऊ नेल्यास विमानतळावर तो न चुकता घोषित करावा. न्यूझीलंडचे नियम याबाबत अत्यंत कडक आहेत. अघोषित खाद्यवस्तू आढळल्यास जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांना मात्र तेथे घाई करावी लागत नाही. डिसेंबरात सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो.

पुस्तिकेवर शेवटचा शिक्का उमटवून प्रवासी मिडलमार्चला सायकल परत करतो, तेव्हा त्याने वाटेत कोणाला किती पैसे दिले याची नोंद त्याच्यापाशी क्वचितच असते. ती असते गावांच्या वह्यांत : चॅटो क्रीकला दुपारचे जेवण, ओटुरेहुआला पाव आणि दूध, वेडरबर्नला एका रात्रीचे भाडे, रॅनफर्लीला चाकाची नळी. रकमा लहान आहेत. पण दररोज पडणाऱ्या आहेत, आणि पेठ चालते ती अशाच रकमांवर.